रकाना अकरा

कीटमान्सहूपच्या आमच्या कचेरीत पंखा आहे,
वारा देत नाही, कागद तेवढे उडवतो.
म्हणून हरेक अर्जावर मी काहीतरी ठेवतो.
हेन्ड्रिना गोलियाथच्या अर्जावर
तिनंच आणलेला दगड होता.
बोअर जिथं घ्यायचीय, तिथला.
"बघायला," ती म्हणाली.
दगड जोडावा असं नियमात कुठंच नाही.
मी ठेवून घेतला.

आडनाव गोलियाथ
आणि हनुवटी जेमतेम खिडकीच्या कठड्याला लागलेली.
राहण्याचं ठिकाण: आरोआबच्या वाटेवर,
रस्ता संपतो त्याच्या थोडं पुढं.
खोली?
"पाणी लागेपर्यंत."
आकडा लागतो, बाई.
"मग शहाऐंशी. आई तेवढी जगली."

रकाना सहा, रोजची गरज.
त्रेसष्ट शेळ्या, दोन गाढवं, ती स्वतः,
नाताळात आला तर पुतण्या.
मी कॅल्क्युलेटरवर बोटं चालवत होतो
आणि ती मध्येच थांबवून म्हणाली,
"बेदाण्याएवढ्या फुलांचं एक झाड आहे दाराशी,
त्याला माझ्या अंघोळीचंच जातं,
ते दोनदा धरू नका."
चारशे दहा लिटर.
तिला तोही आकडा उधळेपणाचा वाटला.

मग अकरा.
एक किलोमीटरच्या आत दुसऱ्याची बोअर असल्यास
त्याची सही, हरकत असल्यास हरकत.
सातशे चाळीस मीटरवर योसाफात रूई.
तिनं अर्ज माझ्याकडून परत ओढून घेतला,
चार घड्या घातल्या.
त्यानं पंपाला कुलूप घातलं त्या वर्षापासून
ती त्याच्याशी बोललेली नाही.
तिची गाढवं सरकारी टाकीपर्यंत जातात,
नऊ किलोमीटर, आणि नऊ परत.
"तो सही करील?" मी विचारलं.
ती म्हणाली, "त्याला लिहिता येतं."

तीन आठवडे दगड माझ्या टेबलावर, खाली काहीच नाही.
मला सवय आहे.
अर्धे अर्ज जमिनीत कोरडे पडत नाहीत,
रकाना अकरामध्ये पडतात.

आली तेव्हा कागदाला धुराचा वास होता
आणि कोपऱ्यावर कपाच्या बुडाचं तपकिरी वर्तुळ.
सही होती, दोन ओळींत न मावणारी.
आणि हरकत?
तिथं सगळे 'नाही' लिहितात.
यानं लिहिलं होतं:

*आहे. मागणी कमी लावली आहे.
येणाऱ्या-जाणाऱ्याचं पाणी धरलेलं नाही.
माझंही धरलेलं नाही.
माझी बोअर चौदा महिने खडखडीत आहे.
कुलूप तसंच आहे.*

मी तिला समजावलं:
हरकत म्हणजे सुनावणी.
सुनावणी म्हणजे फाईल विन्डहूकला,
नव्वद दिवस, कधी त्याच्या दुप्पट.
माझ्याकडे कोरा फॉर्म आहे,
त्यानं नुसतं 'नाही' लिहावं,
सहाचा आकडा आपण इथंच वाढवू,
महिन्यात परवाना हातात.

ती बराच वेळ वाचत होती.
एवढ्या मोठ्या अक्षरांना तेवढा वेळ लागत नाही.
"नको," म्हणाली.
"अकरा वर्षांनी काही बोललाय.
त्याच्यावर रेघ कशी मारू?"

मी शिक्का मारला: हरकतीसह दाखल.
पावती तिनं टोपीत ठेवली.
दारात वळून म्हणाली,
"आकडा तेवढा वाढवा. दोन कप."
दोन कप मी लिटरमध्ये बसवून पाहिले,
बसले नाहीत.
सहाच्या बाजूला समासात तसंच लिहिलं.
वर विचारतील, तेव्हा बघू.

फाईल बुधवारच्या गाडीनं गेली.
दगड न्यायला ती विसरली, की नाही विसरली.
आता त्याच्याखाली दुसऱ्या कुणाचा अर्ज आहे,
रकाना अकरा कोरा.